परदेशी सेवासहली : विद्यार्थी तिथे मदत करतात की शिकतात?



मोठ्या शहरांतल्या काही शाळांच्या सूचनापत्रांत हल्ली ‘सर्व्हिस ट्रिप’ हा शब्द दिसू लागला आहे. नववी ते बारावीची मुलं आठ-दहा दिवस परदेशातल्या एखाद्या खेड्यात जातात. तिथे शाळेची भिंत रंगवतात, लहान मुलांना इंग्रजी शिकवतात, कुठे विटा वाहतात, कुठे झाडं लावतात. शेवटचे दोन दिवस फिरणं आणि खरेदी. परत आल्यावर प्रमाणपत्र मिळतं. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया इथे राहणाऱ्या मराठी पालकांना तर हा प्रकार चांगलाच परिचयाचा असेल, कारण तिथे तो कितीतरी वर्षं रुळलेला आहे.

पालकसभेत अशी सहल जाहीर झाली की साधारण दोन प्रश्न हमखास येतात. सुरक्षित आहे ना? आणि खर्च किती? दोन्ही प्रश्न योग्यच आहेत. पण तिसरा एक प्रश्न असतो, तो सहसा कुणी विचारत नाही. ज्या गावात आपली मुलं जाणार, त्या गावाला यातून काय मिळणार?

या लेखात आपण याच तिसऱ्या प्रश्नाचा विचार करणार आहोत. सेवासहली कुठून आल्या, त्यांत काय चुकतं, काय चांगलं होऊ शकतं आणि शाळेने हो म्हणण्याआधी काय विचारावं, हे क्रमाने पाहू.

सेवासहल म्हणजे काय?

सेवासहल म्हणजे अशी सहल, जिच्यात प्रवास आणि सेवा या दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. मुद्दा असा की या दोन गोष्टींचे हेतू वेगळे आहेत. प्रवासात केंद्रस्थानी प्रवासी असतो. त्याला काय दिसलं, काय आवडलं, तो काय शिकला. सेवेत मात्र केंद्रस्थानी समोरचा माणूस हवा. त्याला काय हवं होतं, ते मिळालं का, आणि आपण गेल्यावर ते टिकलं का.

एकाच कार्यक्रमात दोन्ही साधायचं म्हटलं की ओढाताण होते. सहल आखणारी कंपनी पैसे पालकांकडून घेते, गावाकडून नाही. त्यामुळे कार्यक्रम कोणाच्या सोयीने आखला जाईल, हे वेगळं सांगायला नको. मुलांच्या सुट्ट्या दिवाळीत किंवा मे महिन्यात, म्हणून काम दिवाळीत किंवा मे महिन्यात. मुलांना भिंत रंगवता येते, म्हणून गावाला भिंत रंगवण्याची ‘गरज’. इथे कुणी वाईट वागतंय असं नाही. पण बाजाराचा नियम आहे, पैसे देणाऱ्याच्या मनासारखं होतं.

ही कल्पना आली कुठून?

पहिलं महायुद्ध संपल्यावर, १९२० साली, पिएर सेरेसोल नावाच्या एका स्विस गृहस्थांनी फ्रान्समधल्या व्हर्दंजवळच्या एस्न या उद्ध्वस्त गावात एक श्रमशिबिर भरवलं. युद्धात एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या देशांतले लोक त्यात एकत्र येऊन घरं आणि रस्ते नीट करू लागले. यातूनच पुढे ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संस्था उभी राहिली. याच सेरेसोल यांचा आपल्या देशाशीही संबंध आला. जानेवारी १९३४ मध्ये बिहारमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा ते मोजक्या सहकाऱ्यांना घेऊन बिहारला आले आणि भूकंप-पुरात सापडलेल्या गावांच्या पुनर्वसनाच्या कामात उतरले. आठ दिवसांत फोटो काढून परत गेले नाहीत, तर पुढची दोन-तीन वर्षं त्या कामासाठी येत राहिले.

पुढे १९५८ मध्ये ब्रिटनमध्ये ‘व्हीएसओ’ ही स्वयंसेवकांना परदेशी पाठवणारी संस्था सुरू झाली. सुरुवातीला ती शाळा नुकतीच संपवलेल्या तरुणांनाच पाठवत असे. १ मार्च १९६१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी ‘पीस कोअर’ची स्थापना केली. पीस कोअरचा स्वयंसेवक आजही साधारण २७ महिने बांधलेला असतो. त्यातले पहिले सुमारे तीन महिने प्रशिक्षणाचे, आणि त्यात स्थानिक भाषा शिकणं हा मोठा भाग.

हे आकडे लक्षात ठेवा. मोठ्या माणसांना, पदवी घेतलेल्यांना, काम सुरू करण्याआधी तीन महिने तयारी लागते. आणि आपण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांकडून आठ दिवसांत ‘बदल घडवण्याची’ अपेक्षा करतो!

इव्हान इलिच यांचा आक्षेप

१९६० च्या दशकात अमेरिका आणि कॅनडातले विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुट्टीत मेक्सिकोतल्या खेड्यांमध्ये सेवेसाठी जात. त्यांची एक संघटनाही होती. एप्रिल १९६८ मध्ये या विद्यार्थ्यांपुढे बोलायला इव्हान इलिच यांना बोलावलं. शिक्षणक्षेत्रात असलेल्यांना हे नाव ठाऊक असेल, ‘डीस्कूलिंग सोसायटी’ हे गाजलेलं पुस्तक त्यांचंच. मेक्सिकोतल्या कुएर्नावाका इथे ते एक केंद्र चालवत. लॅटिन अमेरिकेत काम करायला येणाऱ्यांना तिथे स्पॅनिश शिकवली जाई. म्हणजे हे बोलणं बाहेरून टोमणा मारणाऱ्याचं नव्हतं, आतून पाहिलेल्या माणसाचं होतं.

इलिच यांनी विद्यार्थ्यांचं कौतुक केलं नाही. तुमचा हेतू चांगला आहे हे मान्य, पण चांगल्या हेतूने काही भागत नाही, असं त्यांनी स्पष्ट सुनावलं. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा : तुम्हाला इथल्या लोकांची भाषा येत नाही, त्यामुळे ते तुमच्याबद्दल काय बोलतात हेही तुम्हाला कळत नाही. तुमच्याच शहरातल्या गरीब वस्तीत तुम्ही गेलात आणि तुमची मदत नकोशी झाली, तर ती माणसं तोंडावर सांगतील, ‘निघा इथून.’ मेक्सिकोतला शेतकरी मात्र पाहुणा म्हणून हसून घेईल. त्या हसण्याला तुम्ही आभार समजाल.

मात्र त्यांनी दार पूर्ण बंद केलं नाही. या, हिंडा, पाहा, अभ्यास करा, असं ते म्हणाले. फक्त मदत करायला म्हणून येऊ नका.

हे वाचून थोडं कडवट वाटतं, आणि इलिच यांचं सगळंच पटलं पाहिजे असंही नाही. पण शिक्षक म्हणून त्यांच्या बोलण्यात एक फार उपयोगी फरक सापडतो. शिकायला जाणं आणि मदत करायला जाणं यांत फरक आहे. शिकायला गेलेला खाली बसतो, विचारतो, ऐकतो. मदत करायला गेलेला उभा राहतो आणि सांगतो. पुढचा सगळा लेख या फरकाभोवतीच आहे.

बांधकामाचा हिशेब

सेवासहलीतला सर्वांत आवडता कार्यक्रम म्हणजे बांधकाम. काम डोळ्यांना दिसतं, फोटो छान येतो, मुलांना घाम गाळल्याचं समाधान मिळतं. आता जरा हिशेब पाहू.

१९९८ मध्ये मध्य अमेरिकेतल्या होंडुरास देशाला ‘मिच’ या चक्रीवादळाने झोडपलं. असंख्य घरं वाहून गेली. उत्तर अमेरिकेतून, मुख्यतः चर्चमार्फत, एकामागून एक गट घरं बांधायला आले. होंडुरासमध्येच राहणारे एक अमेरिकन समाजशास्त्रज्ञ, कर्ट व्हर बीक, यांनी नंतर या कामाचा अभ्यास केला. काही घरं परदेशी गटांनी बांधली होती, काही स्थानिक संस्थांनी गवंड्यांकडून बांधून घेतली होती. त्यांनी दोन्हीकडच्या कुटुंबांशी बोलून तुलना केली.

स्थानिक संस्थेला एक घर साधारण २,००० डॉलरला पडत होतं. परदेशी गटाचा विमानप्रवास, राहणं, खाणं धरून एका गटाचा खर्च साधारण ३०,००० डॉलरच्या घरात जात होता. म्हणजे एका गटाच्या खर्चात पंधरा घरं उभी राहू शकली असती. बरं, परदेशी माणसांनी बांधलेल्या घरात राहणाऱ्यांना त्याचा काही वेगळा फायदा झाला का? तर तसाही ठळक फरक आढळला नाही. घर मिळालं याचा आनंद दोन्हीकडे सारखाच होता.

यावर लगेच एक उत्तर येतं : ‘पण या अनुभवाने त्या पाहुण्यांचं आयुष्य बदललं ना!’ तेही व्हर बीक यांनी तपासलं. आमच्यात मोठा बदल झाला, असं बहुतेकांनी सांगितलं. मात्र प्रवासानंतर त्यांनी दिलेल्या देणग्यांच्या नोंदी पाहिल्या तेव्हा वाढ नाममात्र निघाली. भारावून जाणं आणि बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण शिक्षक स्नेहसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशी वर्गात पाहतोच की!

दुसरं उदाहरण शाळकरी मुलींचं आहे. पिप्पा बिडल या अमेरिकन लेखिकेने २०१४ मध्ये लिहिलेला एक लेख जगभर वाचला गेला. शाळेत असताना ती वर्गाबरोबर टांझानियाला गेली होती. तिथे मुलींनी वाचनालयासाठी विटांच्या भिंती रचायच्या होत्या. कुणालाच गवंडीकाम येत नव्हतं. भिंती इतक्या वाकड्या होत की रात्री मुली झोपल्यावर स्थानिक कामगार ते बांधकाम उतरवत आणि नव्याने सरळ रचून ठेवत. सकाळी मुलींना वाटे, आपलंच काम पुढे सरकतंय. त्या गवंड्यांना एकच काम दोनदा करावं लागलं, आणि हे सगळं मुलींना वाईट वाटू नये म्हणून!

वर्गात ही गोष्ट सांगितली की मुलं आधी हसतात. मग हळूच विचारा, ‘त्या कामगारांच्या जागी तुझे बाबा असते तर?’

अनाथाश्रमाची भेट : इथे सरळ नाही म्हणा

बांधकामात फार तर पैसा आणि मेहनत वाया जाते. अनाथाश्रमाच्या बाबतीत नुकसान मुलांचं होतं, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत मुलांच्या निवासी संस्थांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली, असं युनिसेफने नोंदवलं. याच काळात देशात अनाथ मुलं वाढली होती का? नाही. वाढले होते पर्यटक. या संस्थांमधल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील, कधी दोघंही, हयात होते. नेपाळमध्येही असंच चित्र दिसलं. बालगृहं गरज सर्वांत जास्त असलेल्या डोंगराळ जिल्ह्यांत नव्हेत, तर काठमांडू खोरं, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्या वाटेवर एकवटलेली.

हे कसं घडतं ते समजून घ्या. दूरच्या खेड्यातल्या आईबापांकडे मध्यस्थ जातो. ‘मुलाला शहरात नेतो, चांगल्या शाळेत घालतो,’ असं सांगतो. आईबाप विश्वासाने पाठवतात, काही ठिकाणी तर उलट पैसेही देतात. मूल संस्थेत येतं आणि कागदावर अनाथ होतं. परदेशी पाहुणे येतात, मुलांशी खेळतात, रडतात, देणगी देतात. जितकी मुलं जास्त आणि जितकी ती केविलवाणी, तितकी देणगी जास्त. मग संस्थाचालकाने मुलाला घरी परत का पाठवावं?

दुसरी गोष्ट मनाची. लहान मुलाला रोज तीच माणसं दिसली की त्याला सुरक्षित वाटतं, हे बालवाडीच्या ताईंना सांगायला नको. इथे दर आठवड्याला नवी ताई, नवा दादा येतो. जीव लावतो, मिठी मारतो आणि निघून जातो. पाहुण्याला वाटतं, ‘किती पटकन लळा लागला!’ खरं तर अनोळखी माणसाच्या अंगावर लगेच झेप घेणारं मूल पाहून शिक्षकाने काळजीत पडायला हवं.

जगाने याची दखल घेतली आहे. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने २०१७ च्या आधुनिक गुलामगिरीवरच्या चौकशी अहवालात अनाथाश्रमांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीचा स्वतंत्र विचार केला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१९ मध्ये बालहक्कांवरचा ठराव केला. त्यात अनाथाश्रमांतल्या स्वयंसेवेमुळे आणि पर्यटनामुळे होणारं नुकसान रोखण्याचं आवाहन आहे.

तेव्हा सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘अनाथाश्रमाला भेट’ अशी ओळ दिसली, तर ती काढायला सांगा. एका तासाची असली तरी. आपल्याच गावातल्या बालगृहात वाढदिवसाचा केक कापायला मुलांना नेतो, तिथेही हाच विचार लागू पडतो.

शिकवणं आणि आरोग्य शिबिरं

इंग्रजी शिकवण्याचा कार्यक्रम वरवर निरुपद्रवी वाटतो. पण त्या गावच्या शिक्षकाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. तुमचा धडा चालू आहे. मध्येच परदेशी मुलांचा गट येतो, वर्ग ताब्यात घेतो, रंग आणि प्राण्यांची नावं शिकवतो, गाणं म्हणतो, जातो. पुढच्या महिन्यात दुसरा गट येतो आणि पुन्हा रंग, पुन्हा प्राणी. तुमचा अभ्यासक्रम तिथेच. आपल्या वर्गात आठवड्याला नवे पाहुणे शिक्षक कुणी आणून बसवले तर आपण चालवून घेऊ का?

आरोग्याबाबत नियम सोपा आहे. जे काम आपल्या मुलाला आपल्या गावच्या दवाखान्यात करू दिलं जाणार नाही, ते त्याने परक्या गावातही करायचं नाही. जखम बांधणं, औषध वाटणं, इंजेक्शनजवळ जाणं, काहीच नाही. समोरचा माणूस गरीब आहे म्हणून त्याच्या अंगावर शिकाऊ हात चालत नाहीत.

मग चांगलं काहीच होत नाही का?

होतं. आणि त्याची दोन उदाहरणं आपल्याच महाराष्ट्रात आहेत, जिथे परदेशी पाहुणे आले आणि यजमान आपण होतो.

पहिलं वरोऱ्याच्या आनंदवनाचं. १९५० च्या दशकात सेरेसोल यांच्याच संस्थेचे परदेशी स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले आणि बाबा आमटे व कुष्ठरुग्ण सहकाऱ्यांबरोबर इमारतींच्या कामात राबले. तेव्हा कुष्ठरोग्यांनी पिकवलेली भाजी वरोऱ्याच्या बाजारात कुणी घेत नव्हतं. हे गोरे पाहुणे महिनोन्‌महिने तिथेच राहतात, तिथलंच खातात आणि त्यांना काही होत नाही, हे गावाने पाहिलं. हळूहळू भाजी विकली जाऊ लागली, असं बाबांच्या चरित्रकथनांत सांगितलं जातं. विचार करा, इथे सर्वांत मोलाचं काय ठरलं? विटा रचायला आनंदवनाची माणसं समर्थ होतीच. पाहुण्यांनी त्यांच्या पंगतीला बसून जेवणं हे काम मोठं ठरलं. आणि ते आठ दिवसांच्या भेटीत झालं नसतं.

दुसरं जामखेडचं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्या, बहुतेक कमी शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन आरोग्यसेविका केलं. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज देशोदेशीचे आरोग्यशास्त्राचे विद्यार्थी जामखेडला येतात. पण ते तिथे उपचार करायला येत नाहीत, शिकायला येतात. आणि त्यांना शिकवणाऱ्यांमध्ये या गावच्या आरोग्यसेविकाही असतात. गावातलं बाळंतपण सुखरूप कसं होतं, पाणी कसं राखायचं, अंधश्रद्धेशी न भांडता कसं बोलायचं, हे एक नऊवारी नेसलेली बाई परदेशी पदवीधरांना समजावून सांगते.

हीच ती अदलाबदल, जी इलिच सुचवत होते. विद्यार्थी खाली बसला आणि गाव शिक्षक झालं. मुलाच्या बाजूने पाहिलं तरी यात तोटा नाही. उलट भिंत रंगवून जे शिकायला मिळालं नसतं ते मिळतं : दुसऱ्याच्या घरी कसं राहायचं, न कळणाऱ्या भाषेत कसं जुळवून घ्यायचं, आपल्याला काय येत नाही ते कसं मान्य करायचं.

शाळेला विचारायचे प्रश्न

सहलीचं पत्रक हातात आलं की पालकांनी, आणि त्याआधी आपण शिक्षकांनीच, पुढचे प्रश्न विचारावेत. उत्तर तोंडी नको, लेखी घ्यावं.

१. हे काम कुणी मागितलं? गावाने, तिथल्या शाळेने की सहल कंपनीने?

२. आपली मुलं गेली नसती तर हे काम कुणी केलं असतं? त्याची मजुरी बुडते का?

३. प्रत्येक मुलामागे घेतलेल्या पैशांतले किती त्या गावात पोहोचतात, आणि कुणाच्या हातात?

४. आपल्या आधी कोणता गट आला होता आणि आपल्यानंतर कोणता येणार? दोन गटांच्या मधल्या काळात काम कोण पाहतं?

५. तिथल्या लहान मुलांशी आपली मुलं एकटी कधी असतील का? बरोबर येणाऱ्या मोठ्यांची पडताळणी झाली आहे का? (ही काळजी दोन्ही बाजूंच्या मुलांसाठी.)

६. फोटोंचा नियम काय? परवानगीशिवाय कुणाचा फोटो समाजमाध्यमांवर जाणार नाही, हे कोण पाहणार?

७. त्या देशात पर्यटक व्हिसावर बिनपगारी काम चालतं का? अनेक देशांत चालत नाही.

८. जाण्याआधी मुलांना तिथली भाषा, इतिहास, खाणंपिणं यांची किती तासांची तयारी दिली जाणार?

९. हेच काम आपल्या तालुक्यात करता येण्यासारखं आहे का? असेल तर परदेशी का?

शेवटच्या प्रश्नाबद्दल थोडं जास्त. आयबी डिप्लोमामध्ये सर्जनशीलता, शारीरिक उपक्रम आणि सेवा मिळून एक अनिवार्य भाग असतो. त्यामुळे ‘परदेशी गेल्याशिवाय सेवेचा भाग पूर्ण होत नाही’ असा काही पालकांचा समज असतो. तशी अट नाही. सेवा घराशेजारीही करता येते. आपल्याकडे १९६९ पासून, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षापासून, राष्ट्रीय सेवा योजना आहे. एनएसएसच्या सात दिवसांच्या गाव-शिबिरातही वरचे बरेच दोष असू शकतात. पण तिथे निदान गावची भाषा कळते, आणि सरपंच काम आवडलं नाही तर तसं सांगू शकतो. चूक कळण्याची सोय असणं, ही सेवेतली फार मोठी गोष्ट आहे.

वर्गात घेण्यासारखे दोन उपक्रम

*उपक्रम १ : हिशेब (इयत्ता ८ वी ते १० वी).* फळ्यावर एक काल्पनिक उदाहरण लिहा. २० मुलं, प्रत्येकी दीड लाख रुपये, एकूण ३० लाख. गटांना सांगा, विमान, हॉटेल, कंपनीचा नफा, जेवण आणि गावातलं काम असे भाग पाडा आणि अंदाज करा. मग विचारा : यातले ३ लाख थेट गावातल्या शाळेला मिळाले तर ती शाळा काय करेल? ते कुणी ठरवायचं? मुलं गणित करता करता आपोआप नागरिकशास्त्रात शिरतात.

*उपक्रम २ : गावकऱ्याचं पत्र (भाषा).* मुलांना कल्पना करायला सांगा की आपल्या आजोळच्या गावात परदेशी विद्यार्थ्यांचा गट आठ दिवस येतोय. त्यांना मराठी येत नाही. त्यांना काहीतरी मदत करायचीच आहे. गावकरी म्हणून त्यांना पत्र लिहा : तुम्ही काय आणा, काय आणू नका, काय पाहा, काय विचारा, आमच्याकडून काय शिका.

या पत्रांत मुलं काय काय लिहितात ते जपून ठेवा. ‘आमच्या आजीचा फोटो न विचारता काढू नका’, ‘आम्हाला गरीब म्हणू नका’, ‘शेणाचा वास आला तर नाक धरू नका’, अशी वाक्यं येऊ शकतात. सहलीला जाणाऱ्या गटासाठी यापेक्षा चांगली नियमावली कुठल्या कंपनीकडे मिळणार?

थोडक्यात

पालकहो, मुलाने परदेशातलं खेडं पाहू नये असं इथे कुणीच म्हणत नाही. जरूर पाहावं. ऐपत असेल तर पाठवा. फक्त त्या सहलीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारा. ती अभ्याससहल आहे. तिचा लाभ आपल्या मुलाला होणार आहे, आणि त्याचे शिक्षक त्या गावातले लोक असणार आहेत. एकदा हे मान्य केलं की पुढच्या गोष्टी आपोआप सरळ होतात : ज्याच्या घरी राहायचं त्याला योग्य पैसे द्यायचे, ज्याच्याकडून शिकायचं त्याला मानधन द्यायचं, काम त्याने सांगितलं तरच आणि तो सांगेल तसंच करायचं.

आणि गावाला मदत करायची इच्छा असेल, तर ती वेगळी करा. थेट, चौकशी करून, नियमित, आणि मुलाच्या नावाची पाटी न लावता.

आपल्या शाळेतून अशी सहल जाणार असेल तर वरचे नऊ प्रश्न आधी शिक्षकांच्या बैठकीत वाचून पाहा. किती उत्तरं आपल्याकडे तयार आहेत ते मोजा, आणि मगच पालकांना पत्र पाठवा.